चेहरा मालिकेचा, गाणं कुणाचं?

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. पहिला मराठी बोलपट. त्यात राजा हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे हेच त्या चित्रपटाचे संगीतकार होते. त्याआधी १९११च्या ‘मानापमान’ला त्यांनी चाली दिल्या होत्या, गंधर्व नाटक मंडळीत तोंडाला रंग लावून भूमिका केल्या होत्या आणि पेटीवादक म्हणून तर त्यांचं नाव गाजतच होतं. अभिनय आणि संगीत दोन्ही कसं सांभाळता, असं त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. संगीत नाटकाच्या धंद्यात ती दोन वेगळी कामं नव्हतीच. नट गायचा, गवई नट व्हायचा आणि चाल बांधणारा तालमीला समोर पेटी घेऊन बसलेला असायचा.

आज मालिकेत काम करता करता स्वतःची गाणी करणाऱ्या नटाला किंवा नटीला मात्र प्रत्येक मुलाखतीत हा प्रश्न ठरलेला. उत्तरही ठरलेलं: आवड असली की सवड मिळते. ऐकायला गोड, पण खोटं. रोजच्या मालिकेत आवड असून सवड मिळत नाही. मिळते ती तुकड्यातुकड्यांनी आणि तुकड्यांत गाणं होत नाही. माझं म्हणणं असं की, या दोन कामांत ‘समतोल’ साधण्याचा सल्लाच चुकीचा आहे. मालिका आणि स्वतःचं संगीत एकाच दिवसात शेजारी शेजारी बसवता येत नाहीत. ती आलटून पालटून करावी लागतात. आणि तसं करता यावं यासाठी लागणारी गोष्ट जिद्द नाही, करार आहे.

आधी ही फारकत झाली कशी ते पाहू. तिशीच्या दशकाच्या मध्याला हिंदुस्थानी चित्रपटात पार्श्वगायन आलं आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा अशी वाटणी झाली. त्यात वाईट काही नव्हतं. पार्श्वगायन नसतं तर कितीतरी थोर गळे आपल्यापर्यंत पोचलेच नसते. पण नटाच्या कामातून गाणं वजा झालं ते झालंच. पु. ल. देशपांड्यांनी १९५३च्या ‘गुळाचा गणपती’त कथेपासून संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिकेपर्यंत सगळं एकहाती केलं, त्याचं आजही नवल केलं जातं. म्हणजे वीस-बावीस वर्षांत नियमाचा अपवाद झाला होता. दूरचित्रवाणीनं ही वाटणी जशीच्या तशी उचलली. १९९९ साली अल्फा मराठीवर ‘आभाळमाया’ सुरू झाली. तिचं शीर्षकगीत घराघरांत गेलं. चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. मालिकेतल्या कलाकारांचा त्या गाण्याशी संबंध एवढाच की गाणं चालू असताना त्यांचे चेहरे पडद्यावरून सरकत होते. त्या नटांपैकी कुणाच्या डोक्यात स्वतःची चाल घोळत असेल, तर तिला त्या व्यवस्थेत कुठेच जागा नव्हती.

आता वेळेचा हिशेब. मराठी मालिका आठवड्याला सहा दिवस दिसते. वर्षाचे तीनशेच्या वर भाग होतात. ‘हाऊस’ या अमेरिकी मालिकेनं आठ वर्षांत १७७ भाग केले. आपली मालिका तेवढे भाग सात महिन्यांत उरकते. बाहेरची उदाहरणं देताना हा आकडा सतत डोळ्यांसमोर ठेवायला हवा, नाहीतर ‘ते बघा, त्यांना जमतं’ म्हणणं सोपं जातं.

या आकड्याचा सेटवरचा अर्थ काय, तेही जवळून पाहावं. सकाळी सातचा कॉल. घोडबंदर रोडवरच्या किंवा गोरेगावच्या फिल्मसिटीतल्या सेटवर पोचायचं, मेकअप, केस, कपडे. पहिला सीन लागतो साडेनऊला. सीनचे कागद कधी आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर येतात, कधी थेट हातात पडतात. मास्टर झाला की क्लोज, मग समोरच्याचे क्लोज, मग नुसत्या रिअॅक्शन. भागांची बँक संपत आली असेल तर सगळ्यांचाच आवाज चढलेला. मध्येच ‘लायटिंग चालू आहे’ म्हणून अर्धा-पाऊण तास मिळतो. बाहेरच्याला वाटतं, हा वेळ गाण्याचाच की! नटालाही तसंच वाटतं. तो मेकअपरूमचं दार लोटून घेतो, मोबाइलच्या रेकॉर्डरमध्ये मुखड्याची एक ओळ गुणगुणतो. दुसरी ओळ कुठे उतरणार ते दिसू लागतं तोच असिस्टंट दार वाजवतो: ‘सर, शॉट रेडी.’ आत गेल्यावर रडायचं असतं. खरं रडू आणायला मनातली जी जागा उकरावी लागते, तिथेच मघाशी गाणं बसलेलं होतं. रात्री पॅकअपनंतर फोन उघडला तर अठरा सेकंदांची गुणगुण सापडते, पण ती कशापायी सुचली होती ते हाती लागत नाही.

म्हणून मी म्हणतो की रोजची मालिका नटाचे तास विकत घेते ते घेतेच, पण त्याचं रिकामपणही घेऊन जाते. तयार गाणं म्हणायला तास पुरतात. नवं गाणं करायला रिकामपण लागतं. चाल दोन दिवस मनात नुसती पडून राहावी लागते, बरी वाटलेली ओळ तिसऱ्या दिवशी टाकून द्यावी लागते, वादकाबरोबर बसून काहीच हाती न लागलेली दुपार पचवावी लागते. नोकरी करून कला जोपासणारे आपल्याकडे कमी नाहीत. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात अनेक वर्षं होते. पण कारकुनी संध्याकाळी संपते आणि माणसाचा गळा, चेहरा, भावना त्याच्याकडे सोडून जाते. मालिका या तिन्ही गोष्टी दिवसभर वापरते आणि रात्री थकलेल्या परत करते. त्यामुळे ‘नोकरी सांभाळून गातातच ना लोक’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

यावर एक उदाहरण हमखास पुढे येईल, आणि ते टाळून चालणार नाही: रिक स्प्रिंगफील्ड. ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत गेलेला हा गायक-गीतकार १९८१ साली ‘जनरल हॉस्पिटल’ या दुपारच्या रोजच्या मालिकेत डॉक्टर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं स्वतः लिहिलेलं ‘जेसीज गर्ल’ अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यावर ग्रॅमीही मिळालं. आठवडाभर चित्रीकरण आणि शनिवार-रविवारी गाण्याचे कार्यक्रम अशी त्याची धावपळ चाले. मग जमतं की! पण तपशील पाहा. ज्या अल्बममध्ये हे गाणं होतं, तो त्याचं मालिकेतलं काम सुरू होण्याआधीच पुरा झाला होता. स्प्रिंगफील्ड १९७२पासून अमेरिकेत अल्बम काढत होता आणि मधल्या काळात अपयशानं चांगलाच पोळला होता. मालिकेनं त्याचं गाणं विकलं. ते केलं मात्र त्यानं मालिकेबाहेरच्या वर्षांत. १९८२चा पुढचा अल्बम मालिका चालू असतानाच आला आणि तोही जोरात चालला, हे खरंच आहे. पण १९८३मध्ये त्यानं मालिका सोडली. दोन घोड्यांवरची ही स्वारी त्याच्यासारख्या मुरलेल्या माणसालाही दोनेक वर्षांपलीकडे पुरली नाही. शिवाय ‘मालिकेतला नट गातोय’ हा शिक्का त्याला कैक वर्षं पुसावा लागला. खरं तर तो गाणारा माणूस होता आणि पोटासाठी मालिकेत गेला होता.

वेळेइतकाच, किंबहुना काकणभर जास्त महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. त्याचा धडा साठ वर्षांपूर्वीच्या एका मालिकेनं दिला. १९६६ साली अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर ‘द मंकीज’ आली. एका काल्पनिक बँडची विनोदी मालिका. निवड चाचणी घेऊन चार तरुण घेतले. त्यांतला मायकेल नेस्मिथ स्वतः गाणी लिहायचा, पीटर टॉर्क चांगला वादक. पण संगीताचा कारभार डॉन कर्शनर नावाच्या प्रकाशकाकडे. गाणी बहुतेक करून बाहेरच्या व्यावसायिक गीतकारांची, वाजवणारे स्टुडिओतले कसलेले वादक; या चौघांनी येऊन आवाज द्यायचा. पहिले दोन्ही अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. दुसरा, जानेवारी १९६७चा, तर त्यांना न विचारताच बाजारात आला होता. हॉटेलातल्या एका बैठकीत नेस्मिथनं संतापून भिंतीत गुद्दा हाणला, भिंतीला भोक पडलं. पुढे कर्शनरला जावं लागलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात चौघांनी बहुतांशी स्वतः वाजवलेला ‘हेडक्वार्टर्स’ आला. तोही पहिल्या क्रमांकावर गेला. आठवड्यानं बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’नं त्याला खाली ढकललं, पण बीटल्सच्या मागे दुसरं राहणं ही काही नामुष्की नव्हे.

इथवरची गोष्ट विजयाची वाटते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्यानंतरच्या अल्बमपासूनच स्टुडिओतले वादक परत आले. मालिकेचं चित्रीकरण, दौरे, मुलाखती हे सगळं चालू असताना चौघांनी तासन्‌तास बसून स्वतः वाजवणं परवडेनासं झालं. भांडून हक्क मिळवला, पण तो वापरायला लागणारा वेळ कुणी मागितलाच नव्हता. आणि कर्शनर? त्यानं पुढची गाणी ‘आर्चीज’ या कार्टून बँडसाठी करवून घेतली. त्यातलं ‘शुगर, शुगर’ १९६९चं अमेरिकेतलं सर्वांत मोठं गाणं ठरलं. कार्टूनमधली पात्रं हक्क मागत नाहीत, भिंतीत गुद्दे हाणत नाहीत. मनोरंजनाच्या धंद्याला कलाकार कसा हवा असतो, ते इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

मग जमलं कुणाला? डोनाल्ड ग्लोव्हरला. २००९पासून तो एनबीसीच्या ‘कम्युनिटी’त काम करत होता आणि ‘चाइल्डिश गॅम्बिनो’ या नावानं स्वतःचं रॅप करत होता. त्याचा पहिला मोठा अल्बम २०११चा, म्हणजे मालिका चालू असतानाचा. पण ती आठवड्याला एकदा दिसणारी मालिका. वर्षाला वीस-पंचवीस भाग आणि मग उन्हाळ्याची लांब सुट्टी. पाचव्या पर्वात त्यानं फक्त पाच भाग केले आणि बाहेर पडला. पुढे ‘अटलांटा’ ही मालिका त्यानं स्वतः निर्माण केली: चार पर्वं, सगळे मिळून ४१ भाग, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पर्वामध्ये चार वर्षांचं अंतर. २०१८मध्ये ‘धिस इज अमेरिका’ आलं, पुढच्या वर्षी त्याला चार ग्रॅमी मिळाली. त्याच्या प्रतिभेबद्दल वाद नाही. पण ४१ भाग म्हणजे आपल्याकडचे सात आठवडे. त्या प्रतिभेला घोडबंदर रोडवर वर्षाला तीनशे भाग करायला लावले असते, तर तिचं काय झालं असतं?

ग्लोव्हरच्या उदाहरणातल्या आणखी दोन गोष्टी मराठी नटांच्या उपयोगाच्या आहेत. एक, त्यानं गाण्यासाठी वेगळं नाव घेतलं. हे आपल्याला नवं नाही. किशोर कदम पडद्यावर किशोर कदम असतात आणि कविता ‘सौमित्र’ या नावानं लिहितात. १९९८च्या मिलिंद इंगळेंबरोबरच्या ‘गारवा’नं सौमित्र घरोघरी नेले, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यांच्या कुठल्याही भूमिकेची आठवण ठेवायची गरज पडली नाही. वेगळ्या नावामुळे प्रेक्षकाची अपेक्षा वेगळी राहते आणि कलाकाराच्या स्वतःच्या डोक्यातही दोन खाती वेगळी राहतात. दोन, ग्लोव्हरला त्याचा संगीतातला जोडीदार मालिकेच्या सेटनंच दिला. लुडविग योरानसन ‘कम्युनिटी’चा संगीतकार होता, तोच पुढे गॅम्बिनोच्या अल्बमांचा सहनिर्माता झाला. मालिका काही नुसती लुटत नाही, माणसंही देते. शीर्षकगीताचा संगीतकार, पार्श्वसंगीत करणारा, ध्वनिमुद्रक यांच्याशी नट किती वेळा बोलतो? बहुतेक वेळा वाहिनीच्या पार्टीत, फोटोपुरतं.

आता पैशाचं. मालिका पैसे देते आणि गाणं पैसे खातं, हे उघड आहे. एक गाणं नीट करायचं तर अरेंजर, वादक, स्टुडिओ, मिक्सिंग, मास्टरिंग, वर व्हिडिओ. मालिकेचं मानधन दिवसावर आणि हातात पडतं ते बहुधा तीन महिन्यांनी. तरी पडतं. त्यामुळे मालिकेला शिव्या घालणं मला मान्य नाही. तिच्या पैशातूनच कित्येकांची गाणी होतात. पण पैशाची दुसरी बाजूही पाहावी. मालिकेतल्या कामाचा मालक नट नसतो. पुनःप्रक्षेपण झालं, परभाषेत डबिंग झालं, तरी सहसा त्याच्या खिशात काही येत नाही. स्वतःच्या चालीचा, स्वतःच्या शब्दांचा मात्र तो मालक असतो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा आपला वाटा करारात लिहूनही सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा हक्कवसुली करणाऱ्या सोसायटीलाच देता येतो. जावेद अख्तरांनी राज्यसभेत ज्याचा जोरदार पुरस्कार केला तो हा कायदा. म्हणजे नटाच्या साऱ्या कारकिर्दीत त्याच्या नावावर कायमची राहू शकेल अशी मिळकत कुठली असेल तर ती त्याचं गाणं आहे. असं असताना गाण्याला ‘छंद’ म्हणणं, मुलाखतीत त्याचा उल्लेख शेवटच्या दोन मिनिटांत करणं, हा अव्यवहारीपणा आहे.

इथे एक मोह टाळायला हवा. मालिका टीआरपीच्या यादीत वर असते तेव्हाच गाणं काढावं, म्हणजे नायिकेचे चाहते ते ऐकतील, असा सल्ला हमखास मिळतो. व्ह्यूज मिळतातही. पण खालच्या प्रतिक्रिया वाचा. लोक पात्राशी बोलत असतात; त्या पात्राच्या नवऱ्याबद्दल, सासूबद्दल विचारत असतात. गाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मालिका संपली की तो श्रोता पुढच्या मालिकेकडे जातो. आयुष्मान खुरानानं ‘पानी दा रंग’ कॉलेजच्या दिवसांत मित्राबरोबर केलं होतं आणि ते लोकांपर्यंत पोचलं २०१२च्या ‘विकी डोनर’मधून. मधल्या काळात तो दूरचित्रवाणीवर चांगला ओळखीचा चेहरा झाला होता. गाणं थांबू शकलं, कारण ते कुठल्याही कार्यक्रमाच्या प्रसिद्धीवर उभं नव्हतं. जे गाणं चार-सहा वर्षं थांबू शकत नाही ते काढूच नये, असं म्हणणं जरा कडक होईल. पण काढण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

‘हाऊस’मधला ह्यू लॉरी इथे आठवतो. मालिका चालू असतानाच २०११मध्ये त्याचा अल्बम आला. त्यात त्यानं न्यू ऑर्लिन्सची जुनी ब्लूज गाणी गायली, स्वतःची नवी गाणी केली नाहीत. यात मला कमीपणा दिसत नाही, प्रामाणिकपणाच दिसतो. जो वेळ हातात आहे त्यात जुनं प्रेमानं गाता येतं. नव्यासाठी वेगळी वर्षं काढावी लागतात. आपल्याकडेही मालिकेच्या धबडग्यात कुणी नाट्यपदं किंवा भावगीतं गात असेल तर ते चांगलंच आहे. फक्त ते आणि स्वतःची निर्मिती एका मापानं मोजू नये.

तर मग करायचं काय? वाहिनी आणि निर्माते म्हणतील, मालिका थांबवता येत नाही. पटण्यासारखं आहे, सेटवरच्या शंभरेक माणसांची चूल तिच्यावर पेटते. पण मराठी मालिकांत पात्रं कोमात जातात, स्मृती घालवून बसतात, दरीत कोसळून सहा महिन्यांनी वेगळ्या चेहऱ्यानं परत येतात. नटाला चित्रपट मिळाला की त्याचा ट्रॅक महिनाभर बाजूला ठेवला जातो, हेही सेटवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. मग एखादं पात्र वर्षातून एक महिना कामासाठी दिल्लीला गेलं, तर कथेचं काय बिघडतं? अडचण कथेची नाही. चित्रपटाला लोक ‘काम’ समजतात आणि गाण्याला समजत नाहीत, ही अडचण आहे. म्हणून ही रजा तोंडी मागू नये. सही करण्याआधी करारात लिहून घ्यावी: महिन्याला कमाल किती दिवस, वर्षातून सलग किती दिवस मोकळे, आणि नटानं स्वतः केलेल्या संगीतावर वाहिनीचा कसलाही हक्क नाही. नवख्या नटाला हे मागणं जड जाईल. ज्यांचा चेहरा मालिका चालवतो त्यांनी आधी मागावं, म्हणजे मागून येणाऱ्यांना वाट होईल.

नटांनी स्वतःशीही एक करार करायला हवा. एक मालिका संपली की दुसरीचा फोन येतो, आणि लोक विसरतील या धास्तीनं हो म्हटलं जातं. लोक विसरतात, खरं आहे. पण मालिकेतल्या चेहऱ्याला ते तसेही विसरतात. त्या दोन मालिकांमधले सहा-आठ महिने ही गाण्याची खरी जागा आहे, आणि ती शिल्लक टाकलेल्या पैशांवरच राखता येते.

आणि शेवटचा शब्द आपल्यासाठी, म्हणजे प्रेक्षकांसाठी. गणेशोत्सवात, दहीहंडीला, जत्रेत मालिकेतला कलाकार सुपारी घेऊन येतो. तो माइक हातात घेतो न घेतो तोच आपण ओरडतो, ‘डायलॉग! डायलॉग!’ आयोजकही तेच सांगून ठेवतात. पुढच्या वेळी त्यानं स्वतःचं नवं गाणं सुरू केलं तर तेवढी चार मिनिटं गप्प बसा. आवडलं नाही तर टाळ्या वाजवू नका. पण ऐका. ऐकणारा असेल, तरच गाण्यासाठी महिनाभराची रजा मागण्याचं धाडस त्याला होईल.